मुलींचीं जन्मजात व्यंगें आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

या सदरांत आम्ही आजवर मुलांचा अभ्यास, त्यांचा आहार, पाठांतर अशा विषयांवर लिहीत आलों. आजचा विषय त्याहून नाजूक आहे. आणि घरांत सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत असलें कांहीं यावें काय, असें कोणी विचारील हेंही आम्ही जाणून आहों. परंतु गेल्या दोन महिन्यांत याच विषयावर आम्हांकडे तीन पत्रें आलीं. तिन्ही आयांचीं, एकाखालींही सही नाहीं, आणि तिन्हींच्या शेवटीं विनंति एकच, कीं उत्तर मासिकांतच द्यावें, घरीं पत्र पाठवूं नये. आईला आपल्याच घराच्या पत्त्यावर ज्या गोष्टीचें उत्तर मागवितां येत नाहीं, ती गोष्ट मासिकानें तरी बोलली पाहिजे, असें आम्हांस वाटलें.

विषय असा कीं, कांहीं मुलींच्या गर्भाशयाची किंवा योनिमार्गाची घडण जन्मतःच अपुरी, दुहेरी किंवा बंद असते. बाहेरून तें दिसत नाहीं. मुलगी खेळते, शिकते, चारचौघींसारखी वाढते. आणि बाराव्या-चौदाव्या वर्षीं, ऋतुप्राप्तीच्या सुमारास, तें व्यंग प्रथम जाणवूं लागतें. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून जो अंदाज केला गेला आहे त्याप्रमाणें सर्वसाधारण स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें साडेपांच स्त्रियांच्या गर्भाशयांत कांहीं ना कांहीं वेगळेपण असतें. त्यांतील बहुतेकींना त्याचा उपद्रव होत नाहीं, व कित्येकींना तें आयुष्यभर कळतही नाहीं. ज्या थोड्यांना उपद्रव होतो, त्यांच्यासाठीं हा लेख आहे.

गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतो तेव्हां तो मुलाचा कीं मुलीचा हें त्याच्या ठेवणीवरून सांगतां येत नाहीं. दोघांच्याही शरीरांत नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीला वोल्फ या जर्मन शास्त्रज्ञाचें नांव आहे, दुसरीला योहानेस म्युलर याचें. म्युलरनें आपलें वर्णन १८३० सालीं प्रसिद्ध केलें. गर्भ मुलाचा असला तर त्याच्या वृषणांतून निघणारें एक द्रव्य म्युलरच्या नळ्या जिरवून टाकतें. मुलीच्या शरीरांत त्या वेळीं तें द्रव्य नसतें. म्हणून त्या टिकतात, वाढतात, खालीं सरकत येतात आणि मध्यभागीं एकमेकींस मिळतात. कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढें एकच प्रवाह होऊन पूर्वेकडे वळतात, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना ही रचना समजावयास वेळ लागणार नाहीं. संगमापूर्वींचे दोन मोकळे भाग म्हणजे दोन बीजनलिका; संगमाखालचा प्रवाह म्हणजे गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग. मिळाल्यावरही कांहीं काळ दोहोंच्यामध्यें एक पडदा राहतो, तो पुढें विरून जातो. खालच्या बाजूस एक भरीव भाग तयार होतो, तो पोकळ होतो, आणि वाट पुरी होते. गर्भारपणाच्या साधारण पांचव्या महिन्यापर्यंत हें काम उरकतें.

यांतील कोणत्याही पायरीवर काम अडूं शकतें. एकच नळी वाढली तर अर्धें गर्भाशय. दोन्ही वाढल्या पण मिळाल्या नाहींत तर दोन गर्भाशयें. मिळाल्या पण पडदा विरला नाहीं तर एकाच गर्भाशयाच्या दोन खोल्या. खालचा भाग पोकळ झाला नाहीं तर बंद दार. आणि दोन्ही नळ्यांची वाढच खुंटली तर गर्भाशय नाहीं. मूत्रपिंडें त्याच काळांत, शेजारींच, वोल्फच्या नळीच्या आधारानें घडत असतात. त्यामुळें ज्या बाजूची गर्भाशयाची घडण बिघडली त्या बाजूचें मूत्रपिंडही पुष्कळदां नसतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचा उपयोग आहे.

येथें थोडें विषयांतर. चरकसंहितेंत स्त्रियांचे जे वीस योनिरोग सांगितले आहेत त्यांत सूचीमुखी हा एक आहे, म्हणजे ज्यांत मुख सुईसारखें बारीक असतें तो. आणि त्याचें कारण गर्भिणी मातेचा रूक्ष आहार व त्यानें बिघडलेला वायु असें दिलें आहे. षंढी हा दुसरा, बीजदोषानें होणारा व असाध्य म्हटलेला. व्यंग मागाहून आलेलें नसून गर्भांतलेंच आहे, एवढी दृष्टि त्या ग्रंथकारास होती याचें आम्हांस कौतुक आहे. परंतु तेवढ्यावरून ‘आमच्याकडे हें सारें होतेंच’ असें म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. षंढीचें वर्णन स्तनहीन स्त्रीचें आहे. आजच्या शास्त्रास ठाऊक असलेल्या गर्भाशयहीन मुलीची शरीरवाढ इतर मुलींसारखीच असते. आणि आईच्या आहारावर ठेवलेला दोष तर आजच्या ज्ञानापुढें टिकतच नाहीं. हें मुद्दाम लिहावें लागतें; कारण चरक कोणी उघडलेला नसला तरी ‘हिनें दिवस गेले असतांना काय खाल्लें, ग्रहणांत काय चिरलें’ असें विचारणाऱ्या आत्याबाई घरोघरीं हजर असतात.

असो. बंद दाराचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे योनिमुखाचा पडदाच सर्वस्वीं बंद असणें. हजार-दोन हजार मुलींत एखादीस तो असतो. पाळी येते, पण आंतल्या आंत राहते. महिन्यामागून महिना रक्त सांचतें, ओटीपोट दुखतें, कधीं लघवी अडते, आणि मग रात्रीं-अपरात्रीं धांवपळ होते. यास पोटाची दुर्बीण लागत नाहीं. भूल देऊन योग्य तो छेद घेतला म्हणजे वाट मोकळी होते, आणि पुढें संसारांत किंवा बाळंतपणांत त्याची अडचण उरत नाहीं. सुई टोंचून नुसतें रक्त ओढून घेण्याचा घाईचा उपाय मात्र करूं देऊं नये. सुईच्या भोंकानें वाट होत नाहीं, आणि सांचलेल्या रक्तांत पू होण्याचें भय वाढतें.

फसवा प्रकार वेगळाच. दोन गर्भाशयें, दोन मार्ग, त्यांतला एक उघडा आणि दुसरा बंद. किंवा एका बाजूस अर्धें पण चालतें गर्भाशय, आणि दुसऱ्या बाजूस त्याशीं न जोडलेला एक लहान भाग, ज्यास डॉक्टर लोक शिंग म्हणतात. अशा मुलीस पाळी दर महिन्यास येते, वेळेवर येते. म्हणून कोणास संशयच येत नाहीं. बंद बाजूचें रक्त मात्र कोंडतें, वर बीजनलिकेवाटें पोटांत उलटतें, आणि तेथें आंतड्यांना व बीजकोशांना चिकटून दुसरेंच दुखणें उत्पन्न करतें. मुलगी कण्हते. आई म्हणते, “पाळींत सगळ्यांचेंच दुखतें, आम्हांला नाहीं का दुखलें?” यापुढें मुलगी बोलत नाहीं.

आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें नववींत अशी एक मुलगी होती. दर महिन्यास तिची गैरहजेरी ठरलेली. तिच्या वर्गशिक्षिकाबाई गणित शिकवीत. त्यांनीं एके दिवशीं हजेरीपट पुढें घेऊन गैरहजेरीच्या खुणांमधलें अंतर मोजलें. तें बहुतेक अठ्ठावीस दिवसांचें निघालें, आणि जूनमध्यें जी गैरहजेरी दोन दिवसांची होती ती जानेवारींत पांच दिवसांवर गेलेली आढळली. बाईंनीं आईला बोलावून घेतलें. तेव्हां कळलें कीं, आदल्या वर्षीं एका दवाखान्यांत मुलीचें अपेंडिक्स काढून झालें होतें; आणि तें काढूनही दुखणें होतें तेथेंच होतें. घरांत ‘अभ्यासाचा कंटाळा’ हें निदान सर्वमान्य झालेलें. पुढें मोठ्या शहरांत तपासणी झाली. उजवें मूत्रपिंड जन्मापासून नव्हतें आणि उजवा मार्ग बंद होता. शस्त्रक्रिया होऊन मुलगी परत आली, आणि दहावीच्या हजेरीपटांत तिच्या नांवापुढें त्या खुणा पुन्हां दिसल्या नाहींत.

तेव्हां मूत्रपिंडाची गोष्ट. हल्लीं गर्भारपणाच्या पांचव्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफी होते. बाळास एकच मूत्रपिंड आहे असें तींत आढळलें, आणि पुढें जन्मलेलें बाळ मुलगी निघालें, तर तो कागद जपून ठेवावा व ती वयांत येण्याच्या सुमारास डॉक्टरांपुढें ठेवावा. दुखणें दर महिन्यास वाढत जाणें, तें एकाच बाजूस असणें, नेहमींच्या गोळीनें न थांबणें, पाळी न येतां दर महिन्यास पोट दुखणें, ह्या खुणा आईनें पाहाव्या. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाहीं, किंवा तेराव्यापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाहीं, तरी थांबूं नये. आंतून तपासतील या भीतीनें पुष्कळ घरें डॉक्टरांकडे जातच नाहींत. ती भीति निराधार आहे. सोनोग्राफी पोटावरून करतां येते, आणि एमआरआयमध्यें आंतली सर्व रचना हात न लावतां दिसते.

आतां शस्त्रक्रियेकडे येऊं. ‘पोट फाडावें लागेल काय आणि व्रण किती राहील’ असें एका पत्रांत विचारलें आहे. पूर्वीं पोट उघडावें लागे. आज बहुधा लागत नाहीं, आणि हा बदल कसा झाला हें जाणण्यासारखें आहे. १९०१ सालीं जर्मनींत गेओर्ग केलिंग यानें कुत्र्याच्या पोटांत हवा भरून दुर्बिणीनें आंत पाहिलें. १९१० मध्यें स्वीडनचा याकोबेयस यानें तेंच माणसांत केलें. पण दिसे फार थोडें. त्या दुर्बिणींत लहान लहान भिंगांची माळ असे आणि मध्यें हवेची लांब पोकळी. प्रकाश वाटेंतच मरे. हॅरल्ड हॉपकिन्स हा इंग्रज पदार्थविज्ञानाचा पंडित. त्यानें १९५९ च्या सुमारास हा डाव उलटा मांडला. नळींत कांचेच्या लांब कांड्या घातल्या आणि हवा फक्त मधल्या फटींपुरती ठेवली; म्हणजे हवेंत कांचेचीं भिंगें होतीं त्याऐवजीं कांचेंत हवेचीं भिंगें झालीं. चित्र एकदम स्वच्छ झालें. आम्ही शाळेंत प्रकाशाचें वक्रीभवन शिकविलें तेव्हां मुलांस पाण्यांतील काठी दाखविली. ही दुर्बीण दाखवितां आली असती तर धडा अधिक गोड झाला असता. त्याच काळांत कांचेच्या तंतूंतून बाहेरच्या दिव्याचा प्रकाश आंत नेण्याची सोय झाली, आणि दिव्याच्या उष्णतेनें आंत भाजण्याचें भय गेलें.

या विद्येंत पुढाकार घेतला तो स्त्रीरोगतज्ज्ञांनीं. कील येथील कुर्ट झेम हा त्यांतलाच. त्यानें १९८० सालीं दुर्बिणीनें अपेंडिक्स काढलें, तेव्हां त्याची वैद्यकी थांबवावी अशी मागणी जर्मन सर्जनांच्या अध्यक्षांनींच केली! आपल्याकडे मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमतन उदवाडिया यांनीं १९७२ पासून पोटाची दुर्बीण वापरण्यास आरंभ केला, व १९९० मध्यें तिनें पित्ताशय काढलें. आज जिल्ह्याच्या गांवींही ही सामग्री असते. सामग्री असणें आणि या दुर्मिळ व्यंगाचा अनुभव असणें या मात्र दोन गोष्टी आहेत.

रीत अशी: पूर्ण भूल देतात. बेंबीशीं सुमारें एक सेंटिमीटरचा छेद घेऊन पोटांत कार्बन डायऑक्साइड भरतात; हा वायु जळत नाहीं, आणि रक्तांत विरून श्वासावाटें निघून जातो. पोट तंबूसारखें उचललें गेलें म्हणजे दुर्बीण आंत जाते, आणि पांच-पांच मिलिमीटरच्या दोन-तीन छेदांतून हत्यारें. मुलगी बहुधा एक-दोन दिवसांत घरीं येते. व्रण लहान ही आईला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आमच्या मतें त्याहून मोठा लाभ आंतला आहे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आंतले अवयव एकमेकांस चिकटण्याचा संभव अधिक, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या बीजनलिका मोकळ्या राहणें किती अगत्याचें आहे हें सांगणें नलगे.

न जोडलेलें शिंग असेल तर तें दुर्बिणीनें काढतात, आणि त्याबरोबर त्या बाजूची बीजनलिकाही. कारण पुढें कधीं तेथें गर्भ राहिला तर तें फुटून जिवावर बेततें. बीजकोश ठेवतात. मार्ग बंद असेल तर पोटांत शिरावेंच लागत नाहीं. आंतला पडदा खालूनच कापून दोन्ही मार्ग एक करतात. अगदीं बारीक दुर्बिणीनें हें काम कौमार्यपटलास धक्का न लावतांही करतां येतें. ज्या घरांत त्या पटलाची काळजी मुलीच्या प्रकृतीहून अधिक केली जाते त्या घरांच्या समाधानासाठीं हें मुद्दाम नमूद करतों.

मात्र चित्रांत दिसलें तें सर्व कापलेंच पाहिजे असें नाहीं. गर्भाशयाच्या आंत उभा पडदा असणें हें त्याचें उदाहरण. तो काढल्यास मूल राहतें व टिकतें, असा समज वर्षानुवर्षें होता. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगांत अशा ८० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट केले. एकांत पडदा कापला, दुसऱ्यांत तसाच ठेवला. जिवंत मूल होण्याचें प्रमाण कापलेल्या गटांत शेंकडा ३१ आणि न कापलेल्यांत ३५ आलें. ८० हा आंकडा लहान आहे, वाद मिटलेला नाहीं. परंतु ज्या मुलीस कांहीं दुखत नाहीं तिचा पडदा ‘आतांच काढून टाकूं’ असें कोणी म्हणाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यास एवढें कारण पुरे आहे.

राहिलें शेवटचें पत्र, आणि तेंच सर्वांत अवघड. मुलगी अठरा वर्षांची, महाविद्यालयांत आहे. पाळी आली नाहीं, दुखत कांहींच नाहीं. तपासणींत गर्भाशय नाहीं व योनिमार्ग अगदीं थोडा आहे असें निघालें. साधारणपणें साडेचार-पांच हजार मुलींत एकीस असें असतें. बीजकोश चांगले आहेत, गुणसूत्रांची तपासणीही मुलीचीच आहे. घरचे वडीलधारे म्हणतात, उन्हाळ्याच्या सुटींत शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, पुढच्या मार्गशीर्षांत लग्न करावें, आणि मुलीला व सोयऱ्यांना कांहीं सांगूं नये. आई विचारते, काय करूं?

बाई, शस्त्रक्रियेची घाई करूं नका. या व्यंगावर पहिला उपाय शस्त्र हा नव्हेच. वाढत्या आकाराच्या गुळगुळीत कांड्यांनीं, रोज थोडा वेळ, मुलीनें स्वतः सौम्य दाब देऊन मार्ग वाढवितां येतो. अमेरिकेंतील रॉबर्ट फ्रँक यानें १९३८ सालीं ही रीत सांगितली, आणि तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मंडळानें २०१८ मध्येंही तोच पहिला उपाय म्हणून सांगितला आहे. दहांपैकीं नऊंहून अधिक मुलींस त्यानें यश येतें. तो साधला नाहीं तर दुर्बिणीचे उपाय आहेत. इटलीच्या वेक्किएत्ती याच्या रीतींत एक लहान मणी खालीं ठेवून त्याचे दोरे पोटांतून वर आणतात आणि रोज सुमारें एक सेंटिमीटर ओढून आठ-दहा दिवसांत मार्ग करतात. १९६५ मध्यें हें पोट उघडून होई, आतां दुर्बिणीनें होतें. पण शस्त्रक्रियेनंतरही कांड्यांचा उपयोग चालू ठेवावा लागतो, नाहींतर केलेला मार्ग आवळतो. म्हणजे मुलीची स्वतःची इच्छा, समजूत आणि चिकाटी यांवांचून कोणताही उपाय सिद्धीस जात नाहीं. जिला आपणांस काय आहे हेंच सांगितलेलें नाहीं ती हें कशासाठीं करील? आणि हें व्यंग मुलीच्या जिवास धोका करीत नाहीं. ती विशींत आली, पंचविशींत आली, तरी उपाय तेवढाच होतो. मुहूर्त तिनें ठरवावा.

लपविण्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें महत्त्वाची गोष्ट कपटानें लपविणें हें विवाह रद्द ठरविण्यास कारण होऊं शकतें. पण कायदा बाजूस ठेवला तरी लग्नानंतर पहिल्या महिन्यांतच तें कळणार, आणि त्या वेळीं परक्या घरांत उत्तर देण्यास ती मुलगी एकटी असणार. मूल होण्याची वाट आज अगदीं बंद नाहीं. तिचें बीज चांगलें असल्यानें विवाहानंतर दुसऱ्या स्त्रीच्या उदरीं तो गर्भ वाढवितां येतो, आणि २०२१ च्या सरोगसी कायद्यांत, त्याच्या वयादि अटींस अधीन राहून, गर्भाशय नसणें हें त्यास मान्य कारण आहे. शिवाय २०१४ मध्यें स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथें, जन्मतः गर्भाशय नसलेल्या स्त्रीला दुसरीचें गर्भाशय बसवून त्यांतून जगांतलें पहिलें मूल जन्मलें. आमच्या पुण्यांत गॅलॅक्सी केअर रुग्णालयांत डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मे २०१७ मध्यें जन्मतः गर्भाशय नसलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीस तिच्या आईचें गर्भाशय बसविलें. आईच्या पोटांतून तें दुर्बिणीनेंच काढलें. दुसऱ्याच दिवशीं दुसऱ्या एका स्त्रीवर तीच शस्त्रक्रिया झाली, आणि तिला ऑक्टोबर २०१८ मध्यें तेथेंच मुलगी झाली. ही शस्त्रक्रिया फार मोठी, फार खर्चाची, आणि शरीरानें तो अवयव टाकूं नये म्हणून तो असेपर्यंत औषधें घ्यावी लागणारी आहे. तिच्या भरवंशावर कोणी सोयरीक जुळवूं नये. पण मुलीला सांगतांना ही बातमी तिला ठाऊक असूं द्यावी.

सांगावें तें आईनें, डॉक्टरांसमक्ष, एका दिवसांत सगळें नव्हे तर दोन-तीन भेटींत. आणि वडिलांनीं त्या वेळीं बाहेरच्या बांकावर न बसतां आंत बसावें. मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्यावी. कोणतीही शस्त्रक्रिया झाली तर तिच्या टिपणाची प्रत मागून घ्यावी, त्यांत कोणत्या बाजूस काय होतें, काय काढलें, काय ठेवलें, हें लिहिलेलें असतें. आणि ती प्रत आईच्या कपाटांत नव्हे, मुलीच्या हातीं द्यावी. दहा वर्षांनीं परगांवच्या डॉक्टरांपुढें ती बसेल तेव्हां त्यांचा पहिला प्रश्न तोच असेल.